बॉनेटखालची धूळ

१

बटणाच्या माथ्यावर धूळ होती.

बटण करंगळीच्या टोकाएवढं. गाडीचं बॉनेट उघडलं की डाव्या कडेच्या पत्र्यात बसवलेलं दिसायचं. फ्रिजचं दार मिटल्यावर आतला दिवा विझवणारं एक टोक असतं, तसलंच. स्नेहलनं त्यावर हळूच फुंकर घातली. आजूबाजूच्या पत्र्यावरची कोरडी धूळ उडाली; बटणावरची जागची हलली नाही. तिनं नखाची कड लावून पाहिली. थर काळपट आणि तेलकट होता, इंजिनाच्या उष्णतेत बसत बसत तव्याच्या कडेसारखा घट्ट झालेला. त्या थरावर कशाचाही ठसा नव्हता.

"मॅडम, बॅटरी इकडं आहे," मागून फौजदार लोंढे म्हणाले.

"पाहिली. आता हे बघते आहे."

लोंढ्यांना बटणात रस नव्हता. मंचरच्या ठाण्यामागं चिंचेखाली ही पांढरी गाडी सील लावून उभी होती आणि त्यांना हवा होता फक्त एका ओळीचा अभिप्राय. स्नेहल अवसरी बुद्रुकला राहायची आणि तिथून जवळच्या एका तंत्रनिकेतनात वाहन अभियांत्रिकी शिकवायची. असली गाडी आतून ओळखणारं दुसरं कुणी त्यांना तालुक्यात सापडलं नव्हतं.

२००९ सालचा डिसेंबर होता आणि असल्या गाड्या अजून नवलाच्या होत्या. गाडी थांबवून गिअर काढला आणि क्लचवरचा पाय उचलला, की इंजिन आपणहून बंद व्हायचं. समोर एक हिरवा दिवा लागायचा. क्लच दाबला की इंजिन पुन्हा आपणहून चालू. उभ्या गाडीचं पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून केलेली सोय.

ही सोयच एका माणसाच्या जिवावर उठली, असं तक्रारीत लिहिलं होतं.

राजुरीचे रखमाजी हे शेतकरी. एका संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली. मुलगा आदेश चाकणला कारखान्यात नोकरीला; तो त्या दिवशी घरी आलेला होता. त्यानं वडलांना गाडीत घातलं. मागच्या सीटवर आई, ठमाबाई, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नारायणगावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मंचरला फोन करून खाट तयार ठेवायला सांगितलं आणि बजावलं, कुठं थांबू नका. कळंबला उसाची ट्रॉली उलटली होती. वाहनं एकेक करून सोडत होते. आदेशची गाडी रांगेत उभी राहिली, इंजिन आपणहून बंद झालं आणि मग चालूच झालं नाही. रखमाजी तिथंच गेले.

"बॅटरी मंचरच्या पिंटूनं दिवाळीत बदललेली," लोंढे म्हणाले. "आदेशचं म्हणणं, बनावट माल घातला. राजुरीच्या पोरांनी पिंटूच्या दुकानाच्या काचा फोडल्या. शनिवारपर्यंत गुन्ह्यात कुणाचं तरी नाव घालायचं आहे मला. तुम्ही बॅटरी खराब म्हणालात, की पिंटू आत."

"बॅटरी चांगली आहे. भार टाकून दोनदा तपासली. अशी बॅटरी ट्रॅक्टरसुद्धा चालू करेल."

लोंढ्यांनी मान खाजवली. स्नेहलनं तेवढ्यात बॉनेटची आतली बाजू न्याहाळली. उजव्या कोपऱ्यात रबराचं एक जाड बूच खाली डोकावत होतं. डाव्या कोपऱ्यात, बरोबर त्या बटणाच्या समोर, नुसतंच भोक होतं. आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर दात उमटले होते, चिमट्याचे.

"इथलं बूच तुमच्यापैकी कुणी काढलं?"

"सील मी स्वतः लावलं, मॅडम. हात कुणी लावलेला नाही."

"मग पिंटूला उचलू नका," स्नेहल म्हणाली. "हे बूच कुठं आहे ते आधी शोधायला हवं."

२

पिंटूच्या दुकानाचं शटर खाली होतं. मागच्या दारानं तिला आत घेतलं ते त्याची आई धापूबाई हिनं.

"या. चहा टाकते," ती म्हणाली. "आमच्याकडं आजकाल चहाला पण कोणी येत नाही. यांना विचारा."

यांना म्हणजे रमणलालना, पिंटूच्या वडलांना. म्हातारे पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. बाजारपेठेत त्यांच्या तीन पिढ्या गेल्या होत्या, पण दुकानावर दगड कधी आला नव्हता. ते वळले नाहीत.

पिंटू पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा. दाढी वाढलेली.

"ज्यांनी काचा फोडल्या ना मॅडम, त्यातल्या दोघांच्या मोटरसायकलीत माझ्याच बॅटऱ्या आहेत," तो म्हणाला. "त्याच गाड्यांवर बसून आले. एका किकमध्ये चालू करून परत गेले."

"आदेश तुमच्याकडं दिवाळीत कशासाठी आला होता?"

"तक्रार घेऊन. म्हणाला, गुढीपाडव्याला गाडी घेतली तेव्हा थांबली की गप व्हायची. आता होत नाही. पेट्रोल खाते. आता असल्या गाडीचं काय आहे, बॅटरीत दम नाही असं वाटलं, तर ती इंजिन बंद करतच नाही. घाबरते म्हणा ना. बंद केलं आणि परत चालू नाही झालं तर? म्हणून मी बॅटरी बदलली. खरी. बिल आहे, कंपनीचा शिक्का आहे."

"मग बंद व्हायला लागली?"

"तो परत आला नाही. आमच्या धंद्यात परत न येणारं गिऱ्हाईक म्हणजे खूश गिऱ्हाईक."

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाहीत."

"नाही."

"बॅटरी बदलताना बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यातलं रबराचं बूच तुम्ही काढलंत का?"

"नव्हतंच तिथं. एक होतं, एक नव्हतं. मला वाटलं, बॉनेट आदळू नये म्हणून लावत असतील, पडलं असेल एखादं. खड्डे काय कमी आहेत?" त्यानं तिच्याकडं रोखून पाहिलं. "ते महत्त्वाचं होतं का? सांगा खरं. माझी चूक झाली का?"

पलंगावरचे रमणलाल श्वास धरून ऐकत होते, ते त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

"नाही," स्नेहल म्हणाली. "पण कुणाची झाली ते अजून कळलेलं नाही."

चहाची कपबशी हातात असतानाच तिचा मोबाइल वाजला. पलीकडून लोंढे.

"मॅडम, बॅटरी चांगली निघाली असं आदेशला सांगितलं मी. तासाभरात नवा जबाब द्यायला हजर. म्हणतो, पिंटूची चूक नाही. माफ करा म्हणतो त्याला."

"मग चूक कुणाची?"

"सख्ख्या बहिणीची. म्हणतो, अप्पांना तिनं मारलं."

३

राजुरीच्या घराला लागूनच गोठा होता. गोठ्याच्या आढ्याला गाडीच्या हेडलाइटचा एक सुटा दिवा टांगलेला, आणि त्याला जोडलेली विहिरीच्या मोटारीची जुनी जाड केबल कुडाबाहेर गेलेली. बाहेर जिथं ती संपत होती तिथं दोन चिमटे लोंबत होते. शेजारी रिकामी जागा होती. चाकांचे दोन पट्टे अजून मातीत उमटलेले.

"मीच लावल्या वायरी," अंजना म्हणाली. आदेशची ही धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली. तिला येऊन चार-पाच वर्षं झाली होती. तिचा आवाज सपाट होता, जणू हेच वाक्य ती कितीतरी वेळा मनात म्हणून बसली होती. "दसऱ्यापास्नं लोडशेडिंग बरूबर धारांच्या टायमाला. कंदिलाला म्हशी बुजत्यात. दादा गाडी हितं ठिवून कंपनीच्या बसनं चाकणला जातो, आठवडाभर गाडी नुसती उभी. म्हणलं, त्येवढाच उजेड."

"रोज?"

"रोजच. तासभर. त्या दिवशी बी लावल्या व्हत्या. अप्पांना कळ आली तवा दिवा चालूच व्हता." तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. "मला काय ठावं बॅटरी उतरंल म्हणून. खरं सांगा ताई. माज्यामुळं झालं का?"

स्नेहलनं एक चिमटा उचलून त्याचे दात पाहिले. आदेश ओसरीवरून खाली येत होता. स्वच्छ शर्ट, चेहरा थकलेला, बोलणं मऊ. लोंढे स्नेहलसोबत आले होते. त्यांना त्यानं खुर्ची दिली.

"मला तिच्यावर केस नाही करायची," तो म्हणाला. "रक्ताचं नातं आहे. पण गावाला कळलं पाहिजे ना? पिंटूला उगाच त्रास झाला. आता तिनं इथं कुठल्या तोंडानं राहायचं, ते तिनंच ठरवावं."

"तुम्हाला एकच विचारते," स्नेहल म्हणाली. "कळंबला गाडी थांबली, तेव्हा इंजिन तुम्ही बंद केलंत?"

"नाही हो. आपोआप झालं. मी गिअर काढला, पाय उचलला, बंद."

"झटका बसून बंद पडलं, असं तर नाही?"

"छे. हिरवा दिवा लागला ना. नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे?"

"म्हणजे गाडी थांबली की लागतो तसा. नवी बॅटरी घातल्यापासून व्यवस्थित होतं सगळं." त्यानं बहिणीकडं पाहिलं नाही. "आतून कोणीतरी ती पिऊन टाकत होतं, ते मला काय माहीत."

"दिवा तुम्ही नक्की पाहिलात."

"नक्की."

स्नेहलनं मान हलवली. लोंढ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं.

ओसरीच्या कोपऱ्यात ठमाबाई बसली होती. नवरा गेल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती. पुढ्यात समईच्या वातींसाठी कापसाची परडी होती, पण कापसाला हात लागलेला नव्हता. तिचा उजवा हात मात्र गुडघ्यावर सारखा हलत होता. चिमूट धरून थोडा फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा.

"अशीच करती दिसभर," अंजना हळूच म्हणाली. "वाती वळायची सवं हाय तिला. डॉक्टर म्हणले, धक्का बसलाय, हुईल बरी."

स्नेहल त्या हाताकडं बघत राहिली. तिची स्वतःची आई वाती वळायची. वाती बोटांनी वळतात. मनगट फिरत नाही.

निघताना तिनं अंजनाला फाटकाशी गाठलं. "अप्पा जाण्याआधी घरात काही चाललं होतं?"

अंजनानं मागं वळून पाहिलं. मग म्हणाली, "सोमवारी जुन्नरला जाणार व्हते. विहिरीजवळचं रान माज्या नावावर करायचं म्हणत व्हते. दादानं कायबी केलं न्हाई, उलट हसून म्हणला, मीच घिऊन जातो गाडीतनं."

"आणि कळ कधी आली?"

"शनवारी," अंजना म्हणाली.

४

कळंबमध्ये रस्त्याच्या कडेला साळुबाईचा भज्यांचा गाडा होता. तिनं आधी लोंढ्यांच्या खाकीकडं पाहिलं.

"फौजदारसायेब, गाडा हलवा म्हणत असाल तर भजी खाऊन म्हणा. उपाशीपोटी आडवं बोलणं वंगाळ लागतं."

"गाडा राहू दे. ट्रॉली उलटली त्या दिवशीची पांढरी गाडी आठवते?"

साळुबाईचा झारा कढईच्या काठावर थांबला. "न आठवायला काय झालं. हितंच तर व्हती, ह्या दगडाम्होरं. म्हातारं मागं पडल्यालं. रांग हालली, म्होरचा टेम्पो गेला, ही गाडी जाग्यावरच. मागचे लागले पोंगाट करायला."

"इंजिन बंद होतं?"

"गप व्हतं. पर दिवं लख्ख. गावात लाइट नव्हती ना. त्या दिव्यांच्या उजेडातच म्या दोन घाणं काढलं. म्हणलं, कुणाचं मरण, कुणाचा उजेड."

"दिवे मंद होत गेले नाहीत?"

"न्हाई वो. शेवटपत्तुर तसंच. डोळं दिपत्याल असं."

स्नेहलनं लोंढ्यांकडं पाहिलं. "ज्या बॅटरीत इंजिन फिरवण्याचा दम नसतो, तिचे दिवे काजव्यासारखे होतात. लख्ख राहत नाहीत."

"कुणी मदतीला आलं नाही?" लोंढ्यांनी विचारलं.

"आले की. मंचरचा एक टेम्पोवाला म्हणला, म्हाताऱ्याला माज्यात घाला, सोडतो. गाडीवाला म्हणला, नको, आता हुईल चालू. दोघं पोरं म्हणली, धक्का देतो. तर म्हणं, नव्या गाडीला धक्का द्यायचा नसतो." साळुबाईनं पीठ कालवता कालवता मान हलवली. "लई शिकल्याली माणसं, बाई. बसला काच लावून. म्या पानी घिऊन गेले, तर खिडकी बी उघडली न्हाई त्यानं. मागची म्हातारी काचंवर हात मारत व्हती."

"मग गाडी चालू कशी झाली? धक्का देऊन?"

"न्हाई. म्हातारी वराडली. येकदाच. असं वराडली की माज्या हातनं झारा पडला तेलात. अन् मंग गाडी चालू झाली."

"आधी गाडी चालू झाली की आधी ती ओरडली?"

"आधी ती वराडली," साळुबाई म्हणाली. "मंग त्यानं किल्ली फिरवली. एका फटक्यात चालू."

लोंढे गाडीत बसल्यावर म्हणाले, "मॅडम, वकील काय म्हणेल माहीत आहे? नेमकी तेव्हा किल्ली लागली, नशीब. भजीवालीच्या कानांवर मला माणूस अडकवता येत नाही. इंजिन आपोआप बंद झालं नाही, असं ठामपणे सांगू शकता का तुम्ही?"

"आज नाही," ती म्हणाली. "ते बूच सापडलं, तर उद्या."

५

बूच सापडलं ते गेणूच्या पाठीवर.

गेणू हा रखमाजींच्या घरचा जुना गडी. दुसऱ्या दिवशी स्नेहल राजुरीला गेली तेव्हा तो बांधावर औषधाचा पंप पाठीला लावून उभा होता. टोमॅटोवर फवारणी चालली होती.

"ह्या गाडीचं मला काय इचारता," तो म्हणाला. "मी बैलातला माणूस. पयल्यांदा आणली तवा येशीत उभी ऱ्हायली की गप. मी म्हणलं, आदेशभाऊ, मेली जणू. तर भाऊ हसलं. मंग दसऱ्यापास्नं सुदारली, उभी असली तरी आपली घुरघुर घुरघुर. आमी म्हणायचो, आता हिला कंठ फुटला."

"अलीकडंपर्यंत घुरघुर करत होती?"

"तर वो. अप्पांना न्ह्यायच्या दिशी बी. अंगणात उभी करून भाऊ आत आलं अप्पांना उचलायला, गिअर काढल्याला, गाडी आपली वाजतीय. मीच दार धरलं व्हतं की."

"दसऱ्याला बॉनेट कुणी उघडलं होतं?"

"मीच. गाडी धुतली, हार घातला, नारळ फोडला. अंजाताय म्हणली, गेणूमामा, वायर लावली तरी झाकाण मिटंल असं करा, रोज उघडं ऱ्हायाय नको. आता वायर ही असली जाड. झाकाण लावलं की चेपती. म्हणून थितलं येक रबार व्हतं ते काडलं अन् त्या फटीतनं वायर काडली. झाकाण पक्कं बसलं." तो एकदम कावराबावरा झाला. "रबार मोलाचं व्हतं का?"

"कुठं आहे ते?"

गेणूनं पाठ तिच्याकडं केली. पंपाच्या टाकीच्या झाकणाला एक भोक पडलेलं होतं, आणि त्यात काळं जाड रबराचं बूच घट्ट बसवलेलं. औषधानं ते वरून पांढुरकं झालं होतं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशीच लावलं. टाकी गळत व्हती. तवापास्नं हितंच हाय. येक थेंब गळत न्हाई."

त्या दुपारी ठाण्याच्या आवारात स्नेहलनं लोंढ्यांना शेजारी बसवून गाडी चालू केली. फाटकाशी उभी केली, गिअर काढला, पाय उचलला. इंजिन घुरघुरत राहिलं. पुन्हा केलं, तेच. मग तिनं धुतलेलं बूच भोकात बसवलं, बॉनेट मिटलं आणि त्याच फाटकाशी तेच सगळं तसंच केलं.

इंजिन बंद झालं. समोर हिरवा दिवा लागला. तिनं क्लच दाबला. इंजिन लगेच चालू झालं.

लोंढे त्या दिव्याकडं बघत राहिले. "चला," ते म्हणाले. "राजुरीला."

६

ओसरीवर सगळी होती: आदेश, अंजना, खांबाला टेकून गेणू, आणि कोपऱ्यात ठमाबाई. लोंढ्यांनी पिंटूलाही बोलावलं होतं. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. स्नेहलनं बूच ओसरीच्या फरशीवर ठेवलं. ती वर्गात बोलायची तशीच बोलली, हळू आणि न थांबता.

"बॉनेटखाली एक बटण आहे. बॉनेट मिटलं की हे बूच ते दाबतं. बटण दाबलेलं नसलं, की गाडीला वाटतं, बॉनेट उघडं आहे, आत कुणाचा तरी हात असेल. अशा वेळी इंजिन आपणहून बंद व्हायचं आणि आपणहून चालू व्हायचं गाडी सोडून देते. पंख्यात कुणाची बोटं जाऊ नयेत म्हणून. दसऱ्याला गेणूमामांनी हे बूच काढलं आणि त्या दिवसापासून ही सोय बंद पडली. बॅटरी जुनी असो की नवी, त्याचा संबंध नव्हता. म्हणून पिंटूनं बॅटरी बदलूनही ती सुरू झाली नाही."

"त्यानंतर झाली," आदेश म्हणाला.

"नाही झाली. बटणावर तेलाची काजळी थर धरून बसली आहे. ठाण्याच्या आवारातली धूळ कोरडी आहे, फुंकरीनं उडते. हा थर चालत्या इंजिनाजवळ, महिनोन्‌महिने बसलेला आहे. एकदा जरी बटण दाबलं गेलं असतं, तरी त्यावर बुचाचा गोल उमटला असता. उमटलेला नाही. आणि बूच तेव्हापासून फवारणीच्या पंपावर आहे."

अंजनाचा श्वास ऐकू आला.

"तुमच्या वायरींनी बॅटरी उतरली नव्हती," स्नेहल तिच्याकडं वळून म्हणाली. "राजुरीपासून कळंबपर्यंत इंजिन चालू होतं, बॅटरी भरत होती. गाडी बंद असताना सगळा वेळ दिवे लख्ख होते. त्या उजेडात एका बाईनं भजी तळली. तुमच्या वायरींनी एकच झालं. गाडी आपोआप बंद होणं थांबलं. म्हणजे त्या संध्याकाळी ती रस्त्यात आपोआप बंद पडू शकणार नव्हती. तुमच्या उजेडामुळं अप्पा पोचायला हवे होते."

अंजनानं तोंडाला ओढणी लावली.

"आदेशराव, इंजिन झटका बसून बंद पडलं असं तुम्ही म्हणाला असतात, तर मला काही बोलता आलं नसतं. पण तुम्ही म्हणालात, हिरवा दिवा लागला. तो दिवा दसऱ्यानंतर या गाडीत लागलेलाच नाही. आज दुपारी आवारात मी बूच परत बसवलं तेव्हा लागला. तुम्ही तो पाहिला नाहीत. तो लागत नाही हे तुम्हाला ठाऊकही होतं. पिंटूकडं तक्रार तुम्हीच घेऊन गेला होतात. तालुक्यात हे कुणाला कळणार नाही, एवढंच तुम्ही धरून चाललात. इंजिन आपणहून बंद होत नसेल, तर ते बंद करायला एकच गोष्ट राहते. किल्ली."

आदेश हसला, कसनुसा.

"धूळ आणि भजी," तो म्हणाला. "फौजदारसाहेब, कोर्टात हेच सांगणार का? माझा बाप मेला आहे. मी घाबरलो होतो, दिवा पाहिला की नाही आठवत नाही. चूक झाली जबाबात. लिहून घ्या."

लोंढ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनाही ठाऊक होतं. दिव्याची चूक झाली म्हटल्यावर गाडी बंद पडली होती, चालू होत नव्हती, एवढंच उरत होतं. आणि गाडीच्या आत काय झालं ते काचेबाहेरच्या कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"गाडीत तिसरं माणूस होतं," स्नेहल म्हणाली.

ठमाबाईचा हात गुडघ्यावर फिरत होता. चिमूट, मनगट, थांबणं. स्नेहल उठून तिच्यासमोर खाली बसली.

"आजी, सगळे वातींचं समजतात. तुम्ही वाती वळत नाही ना?"

हात थांबला.

"आईला त्रास देऊ नका," आदेश म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "तिला काही कळत नाही. आई, तू आत चल."

तो उठून तिच्या दंडाला धरायला गेला. ठमाबाईनं मान वर केली आणि त्याच्याकडं पाहिलं, इतका वेळ की त्याचा हात मधेच राहिला.

"नगं धरू," ती म्हणाली.

कितीतरी दिवस न वापरलेला आवाज, खरखरीत, पण स्पष्ट.

"रांग थांबली तवा त्यानं किल्ली फिरिवली. माज्या डोळ्यांदेखत. मंग हात मांडीवर ठिवले. मी म्हणलं, आदेश, म्होरचा गेला, चल की बाबा. त्यो म्हणला, बंद पडली आई, हुईल चालू. किल्लीकडं बोट बी न्हेलं न्हाई. ह्यांनी माजा पदर धरला व्हता. मी काचा बडवल्या. आरशात माज्याकडं बघत व्हता. ह्यांचा हात सुटला अन् मंग फिरिवली किल्ली."

अंजना आईकडं सरकली. ठमाबाईनं तिला हातानं थांबवलं, बाजूला न सारता.

"येकलाच ल्योक. म्हणलं, येक गेला, दुसरा कशाला घालवू. रोज उठले, रोज म्हणलं, आज सांगीन. अन् रोज त्याच्या म्होरं ताट ठिवलं." तिनं उंबऱ्याबाहेर उभ्या पिंटूकडं पाहिलं, मग पोरीकडं. "त्या पोराच्या दुकानाच्या काचा फुटल्या तरी मी गप. काल त्यानं हिचं नाव घेतलं."

आदेश खाली बसला, जिथं होता तिथंच, बुचाशेजारी.

ठमाबाईनं परडीतला कापूस उचलून बाजूला ठेवला, लुगड्याचा पदर डोक्यावर नीट घेतला आणि फौजदारांकडं वळली.

"लिवा, सायेब. फिर्याद माज्या नावानं लिवा."